१७ नंबरचा फॉर्म भरून दहावी : नोकरी आणि घर सांभाळत अभ्यास बसवायचा कसा

शाळा सुटून दहा-वीस वर्षं झाली आहेत आणि आता १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे रोज शाळेत न जाता बाहेरून, राज्य मंडळाची दहावी करून टाकायची आहे, अशांसाठी हा लेख आहे. बारावी करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

मोठ्या वयात अभ्यास सुटतो तो बहुधा एकाच पद्धतीने. सप्टेंबरात उत्साहाने ‘रोज तीन तास’ असं ठरतं. पंधरा दिवसांत पोरगं आजारी पडतं किंवा नात्यातलं लग्न निघतं. चार दिवस बुडतात. मग बुडालेले बारा तास भरून काढायचे म्हणून रविवारी पाच तास बसायचं ठरतं, तेही जमत नाही, आणि पुस्तक कपाटात जातं. वेळापत्रक चांगल्या आठवड्यावर बेतलेलं असतं, तिथेच घोळ होतो. तेव्हा सुरुवातीलाच वाईट आठवडा डोळ्यांसमोर ठेवून आखणी करा. खालच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्यासाठीच आहेत.

१. दहावी कशासाठी हवी ते कागदावर लिहा

‘शिकायची हौस’ हे कारण चांगलं आहे, पण डिसेंबरच्या थंडीत पहाटे पाचला उठवायला ते पुरत नाही. नेमकं लिहा. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी पास लागतं. अंगणवाडीत मदतनीस व्हायचं तरी आता बारावी मागतात, म्हणजे त्याआधी दहावी आलीच. सध्याच्या नोकरीत बढतीसाठी हवी असेल तर आस्थापना विभागात जाऊन लेखी अट पाहून या. वयाची अटही त्याच वेळी विचारा. निकाल हातात येईपर्यंत वय निघून जाणार असेल तर ते आज कळलेलं बरं.

मार्गही इथेच ठरवा. मुंबईसारख्या शहरात रात्रशाळा आहेत. रोज संध्याकाळी ठरावीक वेळ मिळत असेल तर त्यांच्याइतकी सोय कशात नाही. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळेतून) दहावी केली तर पाच विषय निवडता येतात आणि गणित टाळता येतं. पण पुढे आयटीआय किंवा पॉलिटेक्निककडे वळायचं असेल तर गणित-विज्ञान अडवतंच. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म. इथून पुढचं त्याबद्दल.

२. कागदपत्रं गोळा करा (अभ्यासाआधी)

या फॉर्मसाठी किमान पाचवी पास असावं लागतं आणि वय १४ पूर्ण लागतं. वरच्या वयाची चिंता नको. जवळ ठेवा:

- शाळा सोडल्याचा मूळ दाखला. हरवला असेल तर शाळेकडून दुसरी प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र
- आधार कार्ड
- पासपोर्ट आकाराचे फोटो (एकाच वेळी आठ-दहा काढून ठेवा)
- स्वतःचा, चालू असलेला मोबाइल नंबर आणि ईमेल
- शुल्क ऑनलाइन भरल्याची पावती

शेवटून दुसऱ्या ओळीकडे दुर्लक्ष होतं. सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो आणि पुढचे सगळे निरोप त्यालाच जातात.

लग्न झालेल्या बायकांनी नावाची नीट नोंद घ्यावी. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फॉर्म दाखल्याप्रमाणे भरला जातो आणि गुणपत्रिकेवरही तेच नाव येतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद आत्ताच काढून ठेवा. परीक्षेच्या तोंडावर त्या धावपळीत आठवडा जातो.

जुन्या शाळेतून दाखला काढायचा असेल तर जनरल रजिस्टर नंबर आणि शाळा सोडल्याचं अंदाजे वर्ष सांगा. नुसत्या नावावर लिपिकाला वीस वर्षांपूर्वीची वही धुंडाळावी लागते आणि तुम्हाला तीन खेपा.

३. तारखांची चौकट आखा

मंडळाच्या संकेतस्थळावर जुलैपासूनच नजर ठेवा. नावनोंदणीची मुदत परिपत्रकाने जाहीर होते. ती हुकली तर विलंब शुल्क भरून काही दिवस मिळतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडायची, आणि अर्जाची प्रिंट मूळ कागदपत्रांसह त्या शाळेत नेऊन द्यायची. शाळा निवडताना माध्यम बघा आणि घरापेक्षा कामाच्या वाटेवरची शाळा बघा. तिथे पाच-सहा वेळा तरी जावं लागणार आहे.

आता सर्वांत मोठा खड्डा. १७ नंबरचा फॉर्म ही फक्त नावनोंदणी आहे. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो आणि तो नंतर संपर्क केंद्राच्या शाळेमार्फत भरायचा असतो. ‘फॉर्म भरला, आता थेट फेब्रुवारीत हॉलतिकीट घ्यायला जायचं’ अशा समजात राहणाऱ्यांचं वर्ष जातं. शाळेत बाहेरून बसणाऱ्यांचं काम कोण बघतं ते पहिल्याच खेपेला विचारा, आणि महिन्यातून एकदा त्यांना भेटा किंवा फोन करा. शाळेच्या नेहमीच्या मुलांना सूचना वर्गात मिळतात, तुम्हाला कोणी घरी येऊन सांगणार नाही.

दहावीची लेखी परीक्षा साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चालते. २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याआधी उरकतात.

४. तास मोजा, पण कंजूषपणे

१ सप्टेंबर ते फेब्रुवारीचा मध्य म्हणजे साधारण २४ आठवडे. दिवाळीचा एक आणि आजारपण-पाहुण्यांचा एक वजा करा. राहिले २२.

आठवड्याचे आठ तास धरा: पाच दिवस रोज एक तास (अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन बैठका), रविवारी तीन तास, आणि एक दिवस मुद्दाम रिकामा. हा रिकामा दिवस सुट्टीचा नाही. बुडालेल्या बैठकीची भरपाई फक्त याच दिवशी करायची. त्यात मावेल तेवढी करायची, उरलेलं सोडून द्यायचं. पुढच्या आठवड्यावर उधारी चढवायची नाही. हा एक नियम पाळला तर सुरुवातीला सांगितलेली गाडी घसरत नाही.

२२ गुणिले ८ म्हणजे १७६ तास. विषयवार वाटणी अशी करून बघा:

- गणित : ५०
- विज्ञान आणि तंत्रज्ञान : ४०
- इंग्रजी : ३२
- इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल : २४
- हिंदी : १६
- मराठी : १४

ही वाटणी मराठी माध्यमातल्या, सातवी-आठवीला शाळा सुटलेल्या माणसासाठी आहे. इंग्रजी बरं असेल तर तिथले दहा तास गणिताला द्या. मराठीचे तास मात्र शून्यावर आणू नका. ‘आपलीच भाषा आहे’ म्हणणाऱ्यांचे गुण व्याकरणात आणि उपयोजित लेखनात (पत्र, बातमी, जाहिरात वगैरे) जातात.

घड्याळाला बांधून घेणं ज्यांना शक्य नाही त्यांनी अभ्यास एखाद्या कामाला बांधावा. पाळीची नोकरी असेल तर ‘सकाळी सहाला’ हे एक आठवडा जमतं आणि पुढच्या आठवड्यात मोडतं. त्याऐवजी ‘ड्युटीवरून आल्यावर चहा झाला की अर्धा तास’. घरी असणाऱ्यांसाठी डबे गेल्यानंतरचा आणि पाणी यायच्या आधीचा वेळ हमखास मिळतो. शेतकऱ्यांनी सोयाबीन काढणी आणि रब्बीच्या पेरणीचे आठवडे आधीच अर्धे धरावेत. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायचं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटेची बैठक लिहूच नये.

५. पहिल्या महिन्यात काय घ्यायचं

पुस्तकं बालभारतीची. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात, पण गणित आणि विज्ञानाची छापील प्रत घ्याच. मोबाइलवर आकृती मोठी करत बसण्यात बैठक संपते.

पहिलं पान उघडून क्रमाने सुरू करू नका. गणित भाग १ चा पहिला धडा ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ आहे. वीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला तो तिसऱ्या उदाहरणात थांबवतो आणि ‘आपल्याला जमायचं नाही’ ही समजूत तिथेच पक्की होते. क्रम असा लावा:

आधी दोन आठवडे फक्त पाया. पंधरापर्यंतचे पाढे, अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्या, शेकडेवारी. सर्वांत जास्त चुका ऋण संख्यांत होतात. –७ + ३ चं उत्तर अनेक जण –१० लिहितात. दुकानाची सात रुपये उधारी होती, तीन फेडले, चार उधारी राहिली, म्हणून –४. –७ – ३ मध्ये सात उधारी होती आणि आणखी तीनची केली; म्हणून –१०. रोज अशी दहा गणितं, दोन आठवडे. एवढं पक्कं झाल्याशिवाय समीकरणांना हात लावू नका.

मग ‘अर्थनियोजन’ घ्या. हा चौथा धडा आहे, पण बाहेरच्या जगात वावरलेल्या माणसाला सर्वांत ओळखीचा. १००० रुपयांच्या मालावर १८ टक्के जीएसटी म्हणजे केंद्राचा ९ टक्के, ९० रुपये, राज्याचा ९ टक्के, ९० रुपये, बिल ११८० चं. दुकानात, गॅरेजात, लेखा विभागात काम केलेल्यांना हे तोंडपाठ असतं. (प्रत्यक्षातले जीएसटीचे दर मध्यंतरी बदलले आहेत. परीक्षेत उदाहरणात दिलेलाच दर धरायचा, बाजारातला नाही.) त्यापाठोपाठ सांख्यिकी आणि संभाव्यता. भूमितीत भौमितिक रचना आधी घ्या. कंपासपेटीवर हात बसला की बऱ्याच पायऱ्या पाठ होऊन जातात.

विज्ञान भाग २ मध्ये ‘सामाजिक आरोग्य’ आणि ‘आपत्ती व्यवस्थापन’ हे धडे मोठ्या माणसाला दोन बैठकांत वाचून होतात. भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझीलची तुलना करतं, त्यामुळे प्रत्येक धड्यासाठी वहीत दोन रकाने आखले की निम्मं काम झालं. मराठी आणि इंग्रजीत पत्रलेखन लवकर उरका. अर्ज-विनंत्या लिहून हात सरावलेला असतो, फक्त नमुना परीक्षेचा वापरायचा.

सोपं आधी घेण्यात कमीपणा नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण झालेल्या धड्यांची यादी लांब दिसली पाहिजे. अवघड धड्यांना त्याच यादीच्या जोरावर भिडता येतं.

६. अर्ध्या तासाची बैठक

पुस्तक, वही, पेन आदल्या रात्री त्याच जागी काढून ठेवा आणि पान उघडं ठेवा. वीस मिनिटं नवीन भाग. मग पुस्तक बंद करून सात-आठ मिनिटं वहीच्या मागच्या पानावर आठवेल ते लिहा. शेवटच्या दोन मिनिटांत उद्याचं पान ठरवून खूण घाला. ‘आज काय घेऊ?’ या विचारातच निम्म्या बैठका वाया जातात.

तोच भाग दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, आठवड्याने दहा मिनिटं आणि महिन्याने एकदा, न बघता लिहून पाहा. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळखीचं वाटतं, पण उत्तरपत्रिकेसमोर ओळखीचा उपयोग नसतो, आठवावं लागतं.

व्हिडिओचं प्रमाण ठरवून घ्या: दहा मिनिटं बघणं, वीस मिनिटं पेन हातात. कोणी तरी फळ्यावर गणित सोडवताना बघितलं की आपल्याला आलं असं वाटतं. व्हिडिओ थांबवून तेच गणित स्वतः केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि अगदीच वाईट दिवसासाठी किमान बैठक ठरवून ठेवा: एक गणित किंवा एक परिच्छेद, पाच मिनिटं. रात्री अकराला उभ्याने केलं तरी चालेल. कॅलेंडरवर त्या दिवशी अर्धी खूण करा. रोजच्या दूध-पेपरच्या नोंदींचं भिंतीवरचं कॅलेंडर असतं ना, तेच वापरा. वेगळी डायरी दोन आठवड्यांत हरवते.

७. हात आणि डोळे

याचा विचार फार कमी जण करतात. चाळिशी ओलांडली असेल तर पुस्तकं घेण्याआधी जवळचा चष्मा तपासून घ्या. ‘वाचायला बसलं की झोप येते’, ‘डोकं धरतं’ याचं कारण पुष्कळदा चष्मा किंवा अपुरा दिवा असतो आणि दोष मात्र अभ्यासाच्या नावडीवर जातो.

हाताचं तसंच. भाषेची ८० गुणांची उत्तरपत्रिका तीन तास लिहायची असते. सही आणि वाणसामानाच्या यादीपलीकडे ज्यांनी काही लिहिलेलं नाही त्यांची बोटं पाऊण तासात आखडतात. सप्टेंबरात रोज अर्धं पान, नोव्हेंबरात एक पान सलग, डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा तासभर सलग लिखाण. फुलस्केपचं एक पान बारा-तेरा मिनिटांत वाचता येण्यासारखं लिहून व्हावं. पेन जाड धरणीचं घ्या आणि परीक्षेतही तेच न्या.

८. घरच्यांना नेमकं काय सांगायचं

‘मला अभ्यासाला वेळ द्या’ म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि काहीच बदलत नाही. वेळ आणि काम नाव घेऊन सांगा: ‘मंगळवारी आणि गुरुवारी साडेआठ ते नऊ मी आतल्या खोलीत. भांडी तू, बाळाला तुम्ही.’ सासूबाईंना किंवा वडिलांना परीक्षेचा महिना आत्ताच सांगा, म्हणजे घरचं कार्य त्या आठवड्यांत ठरत नाही. फेब्रुवारी-मार्च लग्नसराईचे, त्यामुळे हे नोव्हेंबरात बोलून ठेवायचं. जानेवारीत उशीर होतो.

घरात शाळकरी मूल असेल तर दोघांनी एकाच टेबलावर बसा. त्याच्याकडून गणित शिकायला लाज कसली? पाढे ऐकायला आणि इंग्रजीचे शब्द विचारायला त्याच्याएवढा कडक परीक्षक मिळणार नाही. ते हसलं तरी हसू द्या.

शेजारीपाजारी सांगायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कामावरच्या वरिष्ठांना सांगाच, लेखी. वेळापत्रक जाहीर झालं की रजेचा अर्ज त्याच्या प्रतीसह द्या. पेपरच्या दिवशी आणि शक्य तर गणित-विज्ञानाच्या आदल्या दिवशी.

९. उत्साह कुठे ओसरतो

चार ठिकाणी, आणि ती आधीच माहीत असतात.

*तिसरा आठवडा.* नवलाई संपते. इथे फक्त किमान बैठका करत राहा, वेग वाढवायला जाऊ नका.

*दिवाळीनंतर.* फराळ, पाहुणे, गावी जाणं यात आठवडा जातो, तो आपण धरलाच आहे. परतल्यावर पहिल्या दिवशी नवीन धडा घेऊ नका. येत असलेलं काही सोडवा.

*पहिली सराव प्रश्नपत्रिका.* ८० पैकी १८ किंवा २२ गुण पडतात आणि माणूस खचतो. ती सोडवायची पुढे काय करायचं ते कळायला. चुकलेल्या प्रश्नांपुढे कारण लिहा: येत नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, की वेळ संपला. तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. वेळ संपला असेल तर आणखी वाचून काही होणार नाही, लिहिण्याचा वेग वाढवावा लागेल.

*जानेवारी.* अभ्यासक्रम राहिलेला दिसतो. इथे छाटणी करा. पास व्हायला विषयाला १०० पैकी ३५ लागतात. उरलेल्या अवघड धड्यांतले दोन कायमचे सोडून द्या आणि झालेले पक्के करा. त्रिकोणमिती अजून उघडलेलीच नसेल तर आता उघडू नका. ९० टक्क्यांचं ध्येय ठेवणाऱ्यांना हा सल्ला पटणार नाही, पण तो त्यांच्यासाठी नाही.

याच सुमारास ‘पासची हमी’ देणारे भेटतात. अपेक्षित प्रश्नसंच सरावाला ठीक आहेत, मात्र पेपर मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पैसे जातात आणि पकडलं गेलं तर संपादणूक, म्हणजे त्या परीक्षेतले गुण, रद्द होते.

१०. शेवटचे सहा आठवडे

आठवड्याला एक पूर्ण प्रश्नपत्रिका, रविवारी सकाळी ११ ला, घड्याळ लावून. मुद्दाम त्याच वेळी, कारण पेपरही ११ लाच सुरू होतो आणि पहाटे अभ्यास करणाऱ्यांना त्या वेळी सुस्ती येते. मंडळाच्या मागच्या प्रश्नपत्रिका वापरा. गणित आणि विज्ञानाचे दोन-दोन पेपर ४० गुणांचे, दोन तासांचे असतात.

तोंडी, प्रात्यक्षिक, स्वाध्याय यांचे विषयाला २० गुण असतात. बाहेरून बसणारे यांकडे काणाडोळा करतात, कारण तारखा शाळेत कळतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपर्क केंद्रावर जाऊन तारखा लिहून आणा आणि प्रयोगवही, स्वाध्याय कोणत्या स्वरूपात हवा ते विचारा. मिळवायला सर्वांत सोपे गुण हेच.

हॉलतिकीट शाळेकडून घ्या. नाव, विषय, माध्यम, फोटो, मुख्याध्यापकांची सही-शिक्का तिथेच उभं राहून तपासा. चूक असेल तर दुरुस्ती शाळेमार्फतच होते. परीक्षा केंद्र संपर्क केंद्राहून वेगळं असू शकतं, म्हणून एकदा आधी जाऊन रस्ता पाहून या. पेपरच्या दिवशी साडेदहाला पोहोचा. बाकावर शेजारी पंधरा वर्षांची मुलं असतील. पहिल्या दिवशी कोणी तरी तुम्हाला पर्यवेक्षक समजून वर्ग विचारेल, एवढंच.

११. निकालानंतर

एक-दोन विषय राहिले तर सगळं पुन्हा द्यावं लागत नाही. पास झालेल्या विषयांची सूट घेऊन राहिलेलेच विषय जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत देता येतात. त्याचा अर्ज निकालानंतर लगेच निघतो आणि मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्याच आठवड्यात शाळेत जा. दोन विषयांपर्यंत एटीकेटीने (राहिलेले विषय नंतर देण्याच्या सवलतीने) अकरावीला प्रवेशही मिळू शकतो. गुण फारच अनपेक्षित वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, मग पुढचं ठरवा.

गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र संपर्क केंद्राच्या शाळेतून स्वतः जाऊन घ्या. मूळ दाखला तिथे दिला होता, त्याचं काय ते त्याच दिवशी विचारा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख खिडकीवरच वाचा. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज तिथेच द्या आणि पोच घेऊन या.